उरलेल्याचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१९२३ साली ह्या देशात कामगारांना अपघाताची भरपाई देणारा कायदा झाला. त्याच्या पहिल्या परिशिष्टात एक कोष्टक जोडलेले होते. हाताचा अंगठा तुटला तर कामगाराची कमाईची शक्ती ३० टक्क्यांनी घटली असे समजावे. एका हाताची चारही बोटे गेली तर ५० टक्क्यांनी. दोन्ही हात गेले तर शंभर टक्क्यांनी. गिरण्यांतून, गोद्यांतून आणि खाणींतून ज्यांनी संघटनेचे काम केले त्या जुन्या कार्यकर्त्यांना हे कोष्टक तोंडपाठ असे, आणि त्याला कारणही होते. ह्या टक्क्यांवरच एखाद्या कुटुंबाची पुढची कैक वर्षे अवलंबून असत. कोष्टक आवश्यक होते. ते नसते तर मालकाने अंगठ्याची किंमत शून्य ठरविली असती. परंतु त्याचा हिशेब एकाच दिशेने चाले. काय गेले एवढेच ते मोजी. शंभर टक्के गेलेला माणूसही दुसऱ्या दिवशी सकाळी जागा होतो आणि त्याच्यापुढे अख्खा दिवस पडलेला असतो, ह्या गोष्टीची नोंद करावयास त्यात रकाना नव्हता.

ह्या कोष्टकाशेजारी आज दुसरे एक कोष्टक ठेवून पाहावयाचे आहे. ते सापडते अशा ठिकाणी, जिकडे राजकीय कार्यकर्त्याची नजर सहसा जात नाही: खेळाच्या मैदानावर. खेळ आहे चाकांच्या खुर्चीतून खेळावयाच्या बास्केटबॉलचा. ह्यातील प्रत्येक खेळाडूस, तो मैदानात उतरण्यापूर्वी, १ पासून ४.५ पर्यंत अर्ध्याअर्ध्याच्या पायरीने एक वर्गगुण दिला जातो. छातीपासून खाली ज्याची हालचाल आणि संवेदना गेली आहे, पाठीला आधार नसेल तर ज्याचे धड तोल सांभाळू शकत नाही, त्याचा वर्गगुण १. गुडघ्याखाली पाय तोडावा लागला, परंतु कंबर, पोट आणि पाठ ज्याची शाबूत आहे, त्याचा ४.५. म्हणजे येथे गेलेले मोजीत नाहीत, उरलेले मोजतात. आणि आंतरराष्ट्रीय सामन्यांचा नियम असा की, कोणत्याही क्षणी मैदानावर असलेल्या पाच जणांच्या वर्गगुणांची बेरीज चौदाच्या वर जाता कामा नये.

हा नियम वरवर तांत्रिक वाटतो. तो इथवर कसा आला, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

पाठीचा कणा मोडून मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाने जगावे, ही कल्पनाच शंभर वर्षांपूर्वी वैद्यकाला मान्य नव्हती. १९१७ साली जर्मनीच्या सायलेशिया प्रांतात क्योनिग्सह्यूट नावाच्या खाणींच्या गावी (ते आज पोलंडमध्ये आहे) सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा खाणकामगारांच्या अपघात रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून काम करीत होता. एका धिप्पाड तरुण खाणकामगाराला कणा मोडलेल्या स्थितीत आणले गेले. मुलगा त्याची माहिती टिपून घेऊ लागला, तेव्हा त्याला सांगण्यात आले की, एवढे लिहिण्याची गरज नाही. हा काही आठवड्यांत मरेल. आणि तो पाच आठवड्यांत मेला. मेला तो कण्याच्या जखमेने नव्हे. एकाच कुशीवर पडून राहिल्याने झालेल्या शय्याव्रणांनी आणि मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने रक्त नासून मेला. त्या मुलाचे नाव लुडविग गुटमान. पहिल्या महायुद्धातील मज्जारज्जूच्या जखमींपैकी बहुतेक सर्व थोड्याच काळात मेले, तेही ह्याच दोन कारणांनी. टाळता येण्याजोग्या कारणांनी माणसे मरत होती आणि त्याला अटळ असे नाव दिले जात होते. दुष्काळाबद्दल आणि भूकबळींबद्दल हा युक्तिवाद ज्यांनी ऐकलेला आहे त्यांना तो ओळखता येईल.

गुटमान पुढे ब्रेस्लाउ येथे नामांकित मज्जाशल्यविशारद झाले. ते ज्यू असल्यामुळे १९३३ साली नाझी राजवटीने त्यांना सार्वजनिक रुग्णालयातून काढून टाकले. १९३९ साली ते निर्वासित म्हणून इंग्लंडला पोहोचले. १ फेब्रुवारी १९४४ रोजी एल्सबरी गावाजवळील स्टोक मँडेव्हिल येथे त्यांच्या हाती मज्जारज्जूच्या जखमींचा एक विभाग सोपविण्यात आला. खाटा २६ आणि रुग्ण एक. फ्रान्सच्या किनाऱ्यावर होऊ घातलेल्या लढाईतून पुष्कळ जखमी येतील, एवढाच सरकारचा हिशेब होता. गुटमान यांनी केले ते दिसावयास अगदी साधे होते: प्लॅस्टरचे साचे काढून टाकले, आणि दिवसरात्र दर दोन तासांनी प्रत्येक रुग्णाची कूस बदलण्याची शिस्त लावली. रात्री ती पाळली जाते की नाही हे पाहावयास ते स्वतः फिरत. औषधापेक्षा मजुरीच ह्यात अधिक होती, परिचारिकांची आणि वॉर्डातील मदतनिसांची. माणसे जगू लागली.

आणि जगू लागल्याबरोबर दुसरा प्रश्न उभा राहिला: हे जगणे कशासाठी? वीस-बावीस वर्षांचा सैनिक छताकडे पाहत पडलेला आहे. त्याचे लग्न मोडले आहे किंवा मोडेल ह्या भीतीत तो आहे. घराला जिने आहेत. गाडी हाकण्याचा, लोखंड ओतण्याचा धंदा संपला आहे. गुटमान यांनी सुतारकाम, घड्याळदुरुस्ती अशा कामांच्या शाळा लावल्या. परंतु खेळ त्यांनी योजनेत आणला त्यापूर्वीच रुग्णांनी तो शोधून काढला होता. अंगणात काही रुग्ण चाकांच्या खुर्च्यांत बसून, उलट्या धरलेल्या हातकाठ्यांनी एक चकती इकडून तिकडे मारीत होते. गुटमान यांनी ते पाहिले आणि स्वतः खुर्चीत बसून खेळून पाहिले. तो पोलोचा प्रकार धोक्याचा ठरून लवकरच बंद झाला. मग खुर्चीतले नेटबॉल आले आणि १९५५च्या सुमारास त्याची जागा बास्केटबॉलने घेतली.

२९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिकचे उद्घाटन होत असताना स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर १४ पुरुष आणि २ स्त्रिया अशा सोळा पक्षाघाती रुग्णांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली. आजच्या पॅरालिंपिकचे मूळ ते. १९६० साली रोम येथे २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू जमले. ही तारीख सर्वत्र सांगितली जाते. तिच्या केवळ २४ दिवस आधी, ५ जुलैला, ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली होती, हे मात्र फारसे कोणी त्याच्या जोडीला सांगत नाही. दर दोन तासांनी कूस बदलण्याची मजुरी कोणी भरावयाची, ह्या प्रश्नाला त्या देशाने त्या दिवशी उत्तर दिले. ते उत्तर नसते तर युद्ध संपल्यावर कणा मोडलेला खाणकामगार धनुष्यापर्यंत पोहोचला नसता.

येथे गुटमान यांच्या एका भूमिकेशी मतभेद नोंदविणे भाग आहे. आपला रुग्ण पुन्हा कर भरणारा नागरिक व्हावा, असे ते अभिमानाने सांगत. सरकारी तिजोरीकडून पैसे काढावयाचे तर ही भाषा उपयोगी पडते, आणि निर्वासित म्हणून आलेल्या डॉक्टरला ती बोलावी लागली असेल तर त्याला दोष देता येत नाही. परंतु अर्थशास्त्र शिकलेल्यांनी तरी तिची मर्यादा ओळखावयास हवी. जो कधीही कर भरू शकणार नाही, ज्याला मान आणि एक खांदा एवढेच हलविता येते, त्याच्या खेळण्याचे समर्थन ह्या जमाखर्चात बसत नाही. शिवाय संध्याकाळी चावडीपुढे हुतूतू खेळणाऱ्या धडधाकट पोराला कोणी विचारीत नाही की, तुझ्या खेळाने राष्ट्रीय उत्पन्नात किती भर पडली. अपंगानेच तेवढे आपल्या आनंदाची पावती का दाखवावी?

अटलांटिकपलीकडे ह्या खेळाचा जन्म स्वतंत्रपणे झाला. १९४६च्या सुमारास कॅलिफोर्नियातील कोरोना आणि मॅसॅच्युसेट्समधील फ्रेमिंगहॅम येथील लष्करी रुग्णालयांत पायांनी लुळे झालेले सैनिक बास्केटबॉल खेळू लागले. तोपर्यंत घडीची, तुलनेने हलकी खुर्ची बाजारात आली होती. ती ज्या दोघांनी बनविली त्यांतील हर्बर्ट एव्हरेस्ट हा खाण-अभियंता होता आणि १९१८ साली खाणीतील अपघातातच त्याचा कणा मोडला होता. ह्या इतिहासात खाण पुन्हा पुन्हा येते, तो योगायोग नव्हे.

अमेरिकन सैनिकांनी ह्या खेळाचा केलेला उपयोग कार्यकर्त्यांनी अभ्यासावा असा आहे. कॅलिफोर्नियातील ‘फ्लाइंग व्हील्स’ हा संघ १९४८ साली देशभर दौऱ्यावर निघाला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अशा एका सामन्याला पंधरा हजारांवर प्रेक्षक आले. दयेने पाहावयास आलेले लोक खुर्च्यांची टक्कर आणि उलटून पडलेला खेळाडू पुन्हा उठताना पाहून घसा ओरबाडून ओरडू लागले. आणि ह्या सामन्यांच्या जोडीने एक मागणी चालली होती: चाकांची खुर्ची आत नेता येईल असे घर. जून १९४८मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा करून अशा घरासाठी दहा हजार डॉलरपर्यंत साहाय्य मंजूर केले. पुढच्या वर्षी इलिनॉय विद्यापीठाच्या गेल्सबर्ग येथील शाखेत टिम न्युजेंट यांनी पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरविली. त्याच सुमारास ती शाखाच बंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हा अपंग विद्यार्थी खुर्च्या घेऊन राज्याच्या राजधानीवर धडकले. विद्यापीठाने अखेर, प्रयोग म्हणून का होईना, त्यांना मुख्य आवारात घेतले. खेळाने माणसे एकत्र आणली, आणि एकत्र आलेली माणसे मोर्चालाही एकत्रच गेली.

परंतु त्या दहा हजार डॉलरांच्या कायद्यात एक गोम होती. ते साहाय्य सैनिकासाठी होते. युद्धात गोळी लागली तर ते राष्ट्राचे ऋण. पोलादाच्या कारखान्यात तुळई अंगावर पडली तर ते ज्याचे त्याचे नशीब. ही रेघ आजही जगभर आहे, आणि आपल्याकडे ती अधिक ठळक आहे. त्याकडे पुढे वळू.

आता त्या चौदाच्या नियमाकडे. सुरुवातीच्या संघांत बहुतेक सर्व कण्याच्या जखमेचे रुग्ण होते, म्हणून ते परस्परांशी साधारण बरोबरीचे होते. मग पोलिओने एक पाय बारीक झालेले, परंतु धड दणकट असलेले खेळाडू आले; पाय तोडावे लागलेले आले. त्यांना पुढे वाकता येई, बाजूला झुकता येई, दोन्ही हात वर करून चेंडू झेलता येई. ज्याचे पोटाचे स्नायूच निकामी आहेत त्याला हे शक्य नाही. त्याला एक हात खुर्चीला धरून ठेवावा लागतो. व्हावयाचे तेच झाले. ज्यांनी खेळ उभा केला ते हळूहळू बाकावर गेले, मग प्रेक्षकांत. कोणी त्यांना हाकलले नाही. जिंकण्याच्या साध्या इच्छेने ते काम आपोआप केले. खुल्या स्पर्धेचे समर्थक जिला गुणवत्ता म्हणतात ती नियम नसला की कशी काम करते, ह्याचा हा प्रयोगशाळेतला नमुना समजावा.

त्यावर पहिला उपाय डॉक्टरांनी केला. रुग्णाला टेबलावर निजवून एकेका स्नायूची परीक्षा घ्यावयाची आणि त्यानुसार वर्ग ठरवावयाचा. त्यात अपमानही होता आणि चूकही होती. टेबलावरचा माणूस आणि खुर्चीतला माणूस हे दोन वेगळे प्राणी असतात. जर्मनीतील कलोन विद्यापीठाचे होर्स्ट श्ट्रोकेंडल यांनी वेगळा विचार मांडला: खेळाडूला खेळतानाच पाहा. तो किती वाकतो, कुठे वळतो, धक्का बसल्यावर सावरतो का, ह्यावरून वर्गगुण ठरवा. १९८०च्या दशकात ही पद्धत आंतरराष्ट्रीय खेळाने स्वीकारली.

तिचा परिणाम काय होतो तो अंकगणितानेच पाहावा. संघापाशी चौदा गुणांचे अंदाजपत्रक आहे. ४.५चे पाच खेळाडू घेतले तर बेरीज २२.५ होते, म्हणजे ते शक्यच नाही. ४.५चे दोन घ्यावयाचे आणि ३चा एक, तर बारा झाले. उरले दोन गुण आणि दोन जागा. त्या दोन जागांवर १ वर्गगुणाचे दोघे हवेतच. म्हणजे ज्याचे शरीर सर्वांत अधिक गेले आहे तो आता संघाच्या उदारपणामुळे मैदानात नाही. त्याच्याशिवाय संघच उभा राहत नाही. आणि गोष्ट येथे संपत नाही. एक गुणाचा खेळाडू क्वचितच बास्केट करतो. त्याचे काम असते आपली खुर्ची नेमक्या क्षणी नेमक्या जागी आडवी घालण्याचे, प्रतिपक्षाच्या सर्वांत उंच खेळाडूची वाट दोन सेकंद अडवून धरण्याचे. त्या दोन सेकंदांत आपला माणूस कड्याखाली पोहोचतो. धावफलकावर नाव त्या दुसऱ्याचे लागते. परंतु चांगला एक-गुणी खेळाडू मिळावा म्हणून मोठमोठे संघ डोळ्यांत तेल घालून बसलेले असतात. दुर्बलाला विशेष संधी द्यावी ही मागणी आपल्या चळवळीने जन्मभर केली. ती दिली तर दर्जा घसरेल असे उत्तरही जन्मभर ऐकले. ह्या खेळाचा दर्जा त्या नियमाने घसरला असे त्यातील जाणकार म्हणत नाहीत. उलट खेळात डावपेच आले ते त्यामुळेच.

एरवी खेळात फारशी सवलत नाही, हेही सांगितले पाहिजे. कडे जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर, ३.०५ मीटरवर. चेंडू तोच, मैदान तेच, दहा मिनिटांचे चार डाव तेच. चेंडू मांडीवर घेऊन चाकांना लागोपाठ दोनच रेटे देता येतात, मग चेंडूला टप्पा द्यावाच लागतो. खुर्ची हा खेळाडूच्या शरीराचाच भाग मानला जातो. तिला चुकीच्या रीतीने धडक दिली तर फाऊल. बसल्या जागेवरून उचलून उंची मिळविण्याचा प्रयत्न केला तरी फाऊल.

नियमात सगळे न्याय्यच आहे असे नाही. रेघ ओढली की कोणीतरी तिच्या पलीकडे पडतो. २०२० साली पॅरालिंपिक समितीने पात्रतेच्या निकषांची फेरतपासणी करावयास लावली तेव्हा ब्रिटनचा खेळाडू जॉर्ज बेट्स अपात्र ठरला. त्याचा आजार असा की, पायाला असह्य वेदना आहेत परंतु पाय जागेवर आहे. खेळता यावे म्हणून पाय कापून घ्यावा काय, असा विचार करण्याची पाळी त्याच्यावर आली. उरलेले मोजणारे कोष्टकही माणसाला अशा टोकाला आणू शकते. कोष्टक कोणाच्या हाती आहे आणि त्याविरुद्ध दाद मागता येते की नाही, हे प्रश्न म्हणूनच सुटत नाहीत.

आता भारतात यावे. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांचे नाव महाराष्ट्राला आता माहीत आहे. सैन्यातील हा मुष्टियोद्धा १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळा झाला आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथे पन्नास मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांचा विक्रम करून त्याने भारताला पॅरालिंपिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. देशाने पद्मश्री दिली ती २०१८ साली, म्हणजे ४६ वर्षांनी. त्यांच्यावर चित्रपटही निघाला. अशा माणसाची कहाणी वृत्तपत्रांतून येते तेव्हा मथळ्यात ‘जिद्द’ हा शब्द ठरलेला असतो. जिद्द खरीच आहे. परंतु कार्यकर्त्याने तो शब्द वाचला की जरा सावध व्हावे. ज्यांना जिद्द असूनही लष्करी रुग्णालय मिळाले नाही, पोहण्याचा तलाव मिळाला नाही, त्यांच्यात जिद्दच नव्हती, असा त्याचा उलटा अर्थ नकळत निघतो आणि जिन्यांची जबाबदारी असलेले सगळे मोकळे सुटतात.

सैनिकासाठी १९७४ साली खडकीला पुनर्वसन केंद्र निघाले, आणि ते निघावयासच हवे होते. परंतु ह्या देशात कणा मोडतो तो मुख्यतः दोन कारणांनी: रस्त्यावरील अपघात, आणि उंचावरून पडणे. परांचीवरून पडलेला बिगारी, कोकणात नारळाच्या वा आंब्याच्या झाडावरून घसरलेला गडी, गच्चीला कठडा नसल्याने पडलेली बाई. ह्यांतील बहुतेकांचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नसते, म्हणून १९२३च्या कोष्टकातील ते शंभर टक्केही त्यांच्या वाट्याला येत नाहीत. २०११च्या जनगणनेत २ कोटी ६८ लाख अपंगांची नोंद झाली. त्यांतील सुमारे ५४ लाख हालचालीचे अपंग. डिसेंबर २०१५मध्ये पंतप्रधानांनी त्यांच्यासाठी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचविला. शब्द आला, पायऱ्या राहिल्या. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा चाकांच्या खुर्चीवरही ५ टक्के दर लावण्यात आला. चालण्यावर कर बसविणारे सरकार असे त्या वेळी अपंगांच्या संघटनांनी म्हटले असते तर ते चुकीचे ठरले नसते.

ह्या परिस्थितीत २०१४ साली चेन्नईत माधवी लता यांनी भारतीय चाकखुर्ची बास्केटबॉल महासंघ उभारला. त्या लहानपणीच्या पोलिओने अपंग झालेल्या, बँकेत काम केलेल्या. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने साहाय्य केले आणि अमेरिकन प्रशिक्षक जेस मार्क्ट यांना पाठविले. तरुणपणी मोटार अपघातात त्यांचा स्वतःचा कणा जायबंदी झालेला. हेच मार्क्ट २००९ साली अफगाणिस्तानात गेले होते, जेथे सुरुंगांनी पाय नेलेल्या माणसांना हा खेळ शिकविण्यात आला.

काश्मीरच्या बारामुल्ला जिल्ह्यातील इशरत अख्तर ही २०१६ साली घराच्या वरच्या मजल्यावरून पडली आणि तिचे पाय गेले. पुढे श्रीनगरच्या पुनर्वसन केंद्रात तिने हा खेळ पाहिला. २०१९च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय शिबिरासाठी तिची निवड झाली तेव्हा खोऱ्यातील दूरध्वनी बंद होते आणि निरोप पोहोचत नव्हता. शेवटी पोलीस आणि लष्कर ह्यांच्या मदतीने तिचे घर शोधून काढावे लागले. ती चेन्नईला गेली आणि त्याच वर्षी थायलंडमधील स्पर्धेत भारताच्या संघातून खेळली. काबूलची निलोफर बयात दोन वर्षांची असताना घरावर रॉकेट पडून अपंग झाली. ती अफगाण स्त्रियांच्या संघाची कप्तान झाली. ऑगस्ट २०२१मध्ये तालिबान काबूलमध्ये शिरले तेव्हा तिला देश सोडावा लागला, आणि स्पेनमधील बिल्बाओच्या संघाने तिला जागा दिली. मैदान म्हणजे राजकारणाबाहेरचे एखादे बेट आहे, असे ह्या दोघींपैकी एकीलाही वाटण्याचे कारण नाही.

खेळाने ह्या माणसांना काय दिले, ते मोठ्या शब्दांत सांगण्याचे टाळावे. अपघातानंतर प्रत्येक जण त्यांच्याशी हळू आवाजात बोलू लागतो. मैदानावर कोणी ओरडते: जागा सोडून का गेलास? आपल्या चुकीमुळे कोणाचे तरी नुकसान होऊ शकते, ही गोष्ट पुष्कळ महिन्यांनी प्रथमच घडते. अंग दुखते ते दुखण्याने नव्हे, श्रमाने. आणि सामना संपल्यावर खुर्च्या अर्धवर्तुळात लावून बोलणे निघते: कोणत्या गादीने शय्याव्रण होत नाहीत, लघवीची नळी कशी स्वच्छ ठेवावी, एसटीत चढताना कंडक्टरला काय सांगावे, बायकोशी कसे बोलावे. जुना जखमी नव्याला हे शिकवितो. हे शिक्षण कोणत्याही रुग्णालयात मिळत नाही, कारण ते देणारा स्वतः त्या खुर्चीत असावा लागतो.

२०१६च्या अपंग हक्क कायद्याच्या ३०व्या कलमाने खेळात समान सहभागाची तरतूद करण्याचे काम सरकारवर सोपविलेले आहे. महाराष्ट्रात तालुका क्रीडा संकुलांची योजना आहे. पुष्कळ ठिकाणी बास्केटबॉलचे मैदान आखलेले आहे, खांब उभे आहेत, कडी लावलेली आहेत. दोन संघांना दहा खुर्च्या लागतात. परदेशी बनावटीची चांगली क्रीडाखुर्ची एकेक लाखांत जाते, म्हणून मागणी खुर्च्यांपासून सुरू केली तर अधिकारी निधी नाही म्हणून हात वर करील. सुरुवात शौचालयापासून करावी. ज्याला दर काही तासांनी नळीने लघवी काढावी लागते तो, मैदान कितीही सपाट असले तरी, आत खुर्ची जाईल असे शौचालय नसेल तर घरीच राहतो. दरवाजा किमान ९० सेंटिमीटर रुंद हवा आणि उंबरा नको. पुढच्या अभ्यासवर्गाला येताना प्रत्येक तालुक्याच्या साथींनी आपल्या संकुलाच्या शौचालयाचा दरवाजा टेपने मोजून आकडा लिहून आणावा. फाटकापासून मैदानापर्यंत पायऱ्या किती, तेही मोजावे. बांधकामाची बिले कोणाच्या सहीने निघाली, ते माहितीच्या अधिकारात विचारता येते.